नमस्कार मला, गालावरचा हात तिला

कांदा-लसूण चटणी माझी. मिरच्या मी निवडते, मी भाजते, डोळ्यांतून पाणी माझ्या येतं. आणि कौतुक? ते आमच्या धाकट्या जावेचं, रूपाचं! वर्षापूर्वी ती धंद्यात आली आणि गिऱ्हाईकं चटणीआधी तिचं नाव घ्यायला लागली. पुण्यातली दोन दुकानं माल ठेवायला तयार आहेत असं कळलं, तेव्हाच मी ठरवलं, दर महिन्याची पुण्याची फेरी माझी. पण सासूबाई म्हणाल्या, "दोघी जाऊन या. दुकानदारांना जिचं पटेल, तिच्याकडे पुणं." घ्या!

कोल्हापूरहून सकाळची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट, आणि डावीकडची खिडकी धरलीत तर ऊन लागत नाही. वाटेतला चहा पाणचट असतो, थर्मास बरा. कंडक्टर रूपाला म्हणाला, "ताई, सुट्टे द्या." मला म्हणाला, "ओ मावशी, पिशवी आत घ्या." आमच्यात चारच वर्षांचं अंतर आहे, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

स्वारगेटहून रिक्षाने वारजे गाठलं. दुकानाचा मालक तिशीतला, कानात ते पांढरं यंत्र. मी हात जोडले, तर त्याने हात पुढे केला. मी घाईघाईने हात पुढे केला, तोवर त्याने जोडले! रूपाने मात्र सरळ हात मिळवला आणि म्हणाली, "ताईंचे हात सारखे चटणीत असतात सर, वाचलात तुम्ही."

तो खो-खो हसला. "मॅम, तुमची एनर्जी सुपर आहे हां!"

पुढची सगळी बोलणी तिच्याशीच. ऑर्डर मिळाली, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नंतर मिसळ खाल्ली. बरी होती, पण कोल्हापूरकरांनी फार आशेने जाऊ नये. रूपाने वाढणाऱ्या माणसाशी गप्पा मारून तर्री दोनदा फुकट मिळवली. मी मागितली तेव्हा संपली होती.

दुसरं दुकान शनिवार पेठेत. गल्ल्यावर सत्तरीच्या मालकीणबाई, इस्त्रीची सुती साडी, चष्मा नाकावर. रूपा "काकू!" म्हणत थेट काउंटरच्या आत गेली आणि त्यांचा हातच हातात घेतला.

काकूंनी हात सोडवून घेतला. "अहो, काउंटरला दोन बाजू असतात. आपली पलीकडची."

खोटं कशाला बोलू, मला मनातून गुदगुल्या झाल्या. मी बाहेरूनच हात जोडले, दोन पावलं मागे राहिले, विचारलं तेवढंच सांगितलं. काकूंनी चटणी चाखली, डोळे मिटले, पाणी प्यायल्या.

"माल ठेवू. वारज्याचा मालक माझा भाचा आहे, त्याच्याकडचंही इथूनच ठरतं. दर महिन्याला आपणच येत जा. आपल्याला अंतर कळतं."

जिंकले! वळून रूपाकडे पाहिलं, तर ती मान खाली घालून पिशवीचा बंद ओढत होती. डोळे भरलेले. आम्ही पायरी उतरलो, एवढ्यात काकू काउंटरची फळी उचलून बाहेर आल्या. रूपाच्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "रागावलीस होय गं? अशी एकदम अंगावर आलीस, दचकले मी. खुळी कुठली." आणि तिच्या हातात खडीसाखर ठेवली.

मग माझ्याकडे वळून दुरूनच हात जोडले. "या आपण."

परतीच्या गाडीत रूपा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी खांदा हलवला नाही, पण जळत होते हो, मिरचीसारखी जळत होते.

घरी सासूबाईंनी विचारलं, "पुणं कुणाकडे?"

रूपाच आधी ओरडली, "ताईंकडे!" आणि अर्धी खडीसाखर माझ्या तोंडात कोंबली.

पुढच्या महिन्यात मीच जाणार. बाहेर उभी राहून, रीतसर हात जोडून नमस्कार करणार. आणि काकू माझ्यासाठी ती फळी उचलतात का, ते बघणार.