‘कायतरी चांगलं लिवा’

‘काहीतरी’ या एका शब्दावर सगळा धंदा चालवून दाखवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला आला. आमचे नर्सरीवाले काका. देवळाली प्रवरेला त्यांची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. हिरव्या जाळीखाली ट्रेच्या ओळी, कडेला थोडी पपई, थोडा शेवगा. मी नगरला सावेडीत घरी बसून लोकांना मजकूर लिहून देते. पत्रकं, फ्लेक्सवरच्या ओळी, कंपन्यांच्या वेबसाइटी, कुणाच्या निवृत्तीचं मानपत्र, जे येईल ते. सासूबाईंनी शेजारणींना ‘ती कॉम्प्युटरवर असते’ एवढंच सांगून ठेवलं आहे, आणि खरं सांगायचं तर त्याहून नेमकं मलाही सांगता येणार नाही. या धंद्यात गिऱ्हाइकाला काय हवंय ते गिऱ्हाइकालाच ठाऊक नसतं. एमआयडीसीतल्या एका पंपवाल्या साहेबांना मजकूर ‘जरा इंटरनॅशनल’ लागतो. शिंगणापूरच्या एका प्रसादवाल्याला त्यात भक्तीही दिसायला हवी असते आणि ऑफरही. पण ही माणसं निदान चार शब्द बोलतात तरी. काकांच्या तोंडून इतक्या वर्षांत सूचना म्हणून एकच वाक्य निघालं, “ताई, कायतरी चांगलं लिवा.”

पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी नवीन होते आणि उत्साही होते. मी रीतसर विचारायला बसले. मजकूर कुणासाठी हवाय? “वाचनाऱ्यासाठी.” किती मोठा हवा? “लई मोठा नगं, लई बारीक बी नगं. जेवन झाल्यावानी वाटलं पायजे.” त्यात सांगायचं काय आहे? “आता ते मी सांगितलं तर तुमी काय लिवनार?” मी आपली मान खाली घालून पत्रकाचे चार वेगवेगळे मसुदे केले. काकांनी चारही शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “चांगलंय. पन ते न्हाई.” ते म्हणजे कोणतं, असं विचारल्यावर म्हणाले, “ते आलं की कळंल की.”

बरं, माणूस मुळातच गबाळा म्हणावा तर तसंही नाही. एकदा मी बाल्कनीत लावायला शेवग्याचं एक रोप मागितलं, तर माझी उलटतपासणी झाली. बाल्कनीला ऊन सकाळचं की दुपारचं? कुंडीला खाली भोक हाय का? पाणी बोरचं घालता का नळाचं? मी वैतागून म्हटलं, “काका, द्या ना कुठलंही, चांगलं बघून.” त्यावर हे गृहस्थ अगदी मनापासून चकित झाले. “असं कसं, ताई? कायतरी द्या म्हनलं तर मी काय द्यायचं?” मी फोन छातीशी धरून आधी हसून घेतलं.

मजकूर पाठवला तर काका तो कधीच वाचत नसत. चष्मा होता, वाचताही उत्तम येत होतं, पण “तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर कळत न्हाई” हा त्यांचा कायदा होता. मग फोन स्पीकरवर टाकून एखाद्या पालथ्या ट्रेवर ठेवला जायचा आणि मी इकडे स्वयंपाकघरात, भाजीला फोडणी देता देता, ‘निरोगी व जोमदार रोपे’ असं मोठ्यानं वाचत असायची. वाचून झालं की पलीकडे शांतता. मागे कुठेतरी पाण्याच्या मोटारीची घरघर, चिमण्यांचा कलकलाट. आणि मग लांबून एक बाईचा आवाज यायचा, “आपन असं बोलतो का कधी?” लगेच काका म्हणायचे, “मला बी तेच वाटत हुतं.”

या काकू. जाळीखाली बसून ट्रे भरायचं काम त्यांचं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओंजळीनं घालायचं, उसाच्या कांडीचा एकेक डोळा बसवायचा, वर पुन्हा कोकोपीट आणि शेवटी तळहात फिरवून सारखं करायचं. ते करता करता त्या माझं लिखाण नापास करत. त्यांची कारणं त्यांची त्यांनाच ठाऊक. ‘दर्जेदार’ हा शब्द त्यांनी कायमचा हद्दपार केला, कारण त्यांच्या रस्त्यावरचा पिठाच्या गिरणीवाला पाटीवर दर्जेदार लिहितो आणि त्याचं पीठ जाडं असतं. एकदा तर पत्रकातला फोन नंबरच त्यांनी काढायला लावला. “ज्याला यायचंय त्याला घर म्हायती हाय. बाकीचे नुसते भाव इचारून फोन ठिवतात.” मी परोपरीनं सांगितलं, पण काका म्हणाले, “मला बी तेच वाटत हुतं,” आणि नंबर नसलेली पत्रकं तालुकाभर वाटली गेली. ज्यांना फोन करायचा होता त्यांनी पत्रक दाखवून शेजारच्या खताच्या दुकानात चौकशी केली. त्या दुकानदारानं पुढे काकांना बरेच दिवस टोमणे मारले.

घरी मी नवऱ्याला म्हणायची, या माणसाला स्वतःचं डोकं म्हणून नाही, बायकोचं उसनं घेऊन चालवतो. शेवटी एकदा काकांनाच विचारलं, “आधीच काकूंना विचारून मला काय पाहिजे ते का नाही सांगत तुम्ही?” फोन स्पीकरवरून काढल्याचा आवाज आला आणि ते हळू आवाजात म्हणाले, “तिला तरी कुठं म्हायती असतं, ताई? तुमी वाचताय, तवर मी तिच्या हाताकडं बघतो. हात चालू असलं म्हंजे ठीक. कुठं थांबलं की समजायचं, तितं चुकलं. बोलती ती नंतर.” म्हणजे माझा संपादक एक नव्हताच, ते जोडपं होतं. त्या दिवसापासून मी काकांवर चिडायचं सोडलं. पूर्ण नाही, पण बरंचसं.

काकूंना मी प्रत्यक्ष पाहिलं एकदाच, नर्सरीवर गेले होते तेव्हा. आवाजावरून मला धिप्पाड बाई वाटली होती, समोर आली ती माझ्या खांद्याइतकी. त्यांनी मला चहा दिला, निघताना पिशवीभर शेवग्याच्या शेंगा दिल्या, आणि मी नको नको म्हणत असताना विचारलं, “एवढं सगळ्यांचं लिवतीस बाई, तुझं कोन ऐकतं गं?” मी हसून वेळ मारून नेली.

मग काकूंचं पोटाचं दुखणं निघालं. नगरच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, नर्सरीची पत्रकं थांबली, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काकू गेल्या. मला कळलं ते दोन दिवसांनी. मी फोन केला, पण काका बोलले नाहीत, मुलगा बोलला. त्यानंतर कितीतरी महिने त्या नंबरवरून काही आलं नाही. मला त्यांच्या ‘पन ते न्हाई’ची सवय लागली होती हे तेव्हा लक्षात आलं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा एका सकाळी फोन वाजला. “ताई, हिच्यावर लिवायचंय. नर्सरीच्या गेटाला बोर्ड लावायचाय. पोरगा म्हनतो, पेंटरकडं तयार मजकूर असतो, वात्सल्यमूर्ती बित्सल्यमूर्ती, त्यो टाकू. मी म्हनलं, आपल्या ताई लिवत्याल.” मी विचारलं, “काय लिहू, काका?” उत्तर मला ठाऊक होतं. तेच आलं. “कायतरी चांगलं.” फक्त या वेळी त्याच्यामागे जोर नव्हता.

आठवडाभर मी दुसरं काम हातात घेतलं नाही. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. माया, कष्ट, करारी बोलणं, शेवग्याच्या शेंगा, सगळं त्यात आणलं. मला ते बरं वाटत होतं. फोन लावला, काकांनी तो नेहमीसारखा स्पीकरवर टाकला, मी वाचलं. वाचून झाल्यावर नेहमीची शांतता झाली. मोटार घरघरत होती, चिमण्या होत्या. मी थांबले. तेही थांबले. आणि आम्ही दोघं कुणाची वाट बघतोय हे मला एकदम कळलं. “काका?” मी म्हटलं. ते म्हणाले, “कुनाकडं बघू, ताई?”

मी रडले. फोन चालू असतानाच रडले आणि ते त्यांना ऐकू गेलं असणार. दुसरा मसुदा केला, तिसरा केला. काका आता नाकारतही नव्हते. “चांगलंच असंल. मला न्हाई कळत.” ज्या ‘पन ते न्हाई’नं मला इतकी वर्षं छळलं, ते ऐकायला मी आता आसुसले होते. दिवस थोडे राहिले होते. पेंटर येऊन बोर्डाला पांढरा रंग देऊन गेला होता, आणि आपल्याला काही सुचलं नाही तर त्यावर वात्सल्यमूर्ती येऊन बसणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. ज्या बाईनं ‘दर्जेदार’ खपवून घेतलं नाही तिच्या फोटोखाली पेंटरकडचा तयार मजकूर! शेवटी मी एसटीनं राहुरी फॅक्टरीला उतरले आणि रिक्षा करून देवळाली गाठली.

काका जाळीखाली काकूंच्या जागी बसले होते आणि ट्रे भरत होते. मला बघून उठायला लागले, मी म्हटलं, बसा, काम चालू द्या, मी वाचते. मी एका पालथ्या ट्रेवर बसून वाचायला लागले. पहिलं वाक्य ठीक गेलं. ‘मायेची सावली’ आली आणि काकांचे हात थांबले. त्यांना स्वतःला ते कळलं नसावं; ते जमिनीकडे बघत होते. मी ते वाक्य खोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘अखंड कष्ट’पाशी हात थांबले. तेही खोडलं. शेवग्याच्या शेंगा मला फार प्रिय होत्या, त्याही गेल्या. किती वेळ वाचत होते कोण जाणे, रिक्षावाला दोनदा डोकावून गेला. शेवटी कागदावर एकच ओळ उरली. ती वाचली तेव्हा काकांनी ओंजळ भरली, कोकोपीट घातलं, तळहात फिरवून ट्रे सारखा केला आणि पुढचा ओढला.

“हां,” ते म्हणाले. “आपन असंच म्हनतो.”

बोर्ड गेटवर लागला आहे. काकूंचा फोटो, नाव, आणि खाली एवढंच: ‘इथले ट्रे ही भरायची.’ वर्षश्राद्धाला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं म्हणे, पुढचा मजकूर राहिला का. काकांनी राहिला नाही म्हणून सांगितलं.

नर्सरीची पत्रकं आता पुन्हा सुरू झाली आहेत. काकांचा फोन येतो, ‘कायतरी चांगलं लिवा’ म्हणतात, मी लिहिते आणि वाचून दाखवते. फोन ट्रेवर असतो आणि काका ट्रे भरत असतात. इथून मला त्यांचे हात दिसत नाहीत, पण ट्रेवरून तळहात फिरवल्याची खरखर ऐकू येते. ती थांबली की मी थांबते आणि त्या जागी पेन्सिलीची खूण करते. काका म्हणतात, “मला बी तेच वाटत हुतं,” आणि तेव्हा तिकडे दुसरं कुणी काही बोललेलं नसतं.

हे जे आज लिहिलं ते मात्र मला कुणी लिहायला सांगितलेलं नाही. काकांना फोन लावून ऐकवावं असं कितीदा मनात येतं. अजून लावलेला नाही. काकूंच्या त्या ‘तुझं कोन ऐकतं गं’पाशी आले की पलीकडची खरखर थांबणार, हे मला आत्ताच ठाऊक आहे, आणि ते वाक्य मला काढायचं नाही.