उत्तरदात्री क्रमांक सात

मंडळी, माझ्या समाजशास्त्राच्या शोधनिबंधातली चूक आज माण तालुक्यातल्या हिरामावशींनी पकडली. मावशी घोड्यावर बिऱ्हाड लादून गावोगाव मेंढरं राखतात, शाळेत कधी गेल्या नाहीत.

निबंध पाठवण्याआधी मुलाखतीतलं त्यांचं बोलणं त्यांनाच वाचून दाखवायला गेले होते. आधी पुस्तकांतले उतारे लेखकांच्या नावांसकट वाचले, मग त्यांचं वाक्य: "बिऱ्हाड घोड्यावर असलं की बाईला शेजारीण नसती." त्याखाली लिहिलेलंही वाचलं: उत्तरदात्री क्रमांक सात.

"सात कोण गं?"

"तुम्हीच, मावशी. नाव लपवायचा नियम आहे."

"पर ते बोलणं माझं न्हाई. सासूबाईंचं हाय. तवाच सांगितलं व्हतं तुला."

मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. खरंच की! "आमच्या सासूबाई म्हनायच्या" अशीच सुरुवात होती. वाक्य सुटसुटीत दिसावं म्हणून मीच ते शब्द कापले होते. पुस्तकवाल्यांचे मात्र पान क्रमांकसुद्धा दोनदा तपासले होते!

सासूबाई आता नाहीत. त्यांचं नाव विचारलं.

"सोनाबाई," मावशी म्हणाल्या. "आन् नीट लिव. पुस्तकवाल्यांची नावं छापलीस, मग आमचीच का लपवतीस?"

प्राध्यापक मंडळी, आता तुम्हीच सांगा. संदर्भसूचीत सोनाबाईंना कुठं बसवू? नियम मला पाठ आहेत, पण त्यात त्यांची जागा सापडेना.