बॉनेटवरचं स्वस्तिक

माझे बाबा पुण्यात एका सोसायटीत गाड्या पुसायचे. पंपरूमला लागून एक खोली होती, तीत आम्ही चौघं राहायचो. पंप सुरू झाला की भिंत थरथरायची आणि फळीवरची भांडी हळूहळू कडेला सरकायची. आई ती दिवसातून दोनदा मागे ढकलायची. बाबा पहाटे पाचला पार्किंगमध्ये उतरायचे. अठ्ठावीस गाड्या आणि एक बादली. बादली एकच, कारण गाड्या धुण्यात पाणी फार जातं असा सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला होता. फडकं म्हणजे कुणाचा तरी जुना गंजी, तोही गाडीमालकांच्याच घरातून आलेला.

मी बारावीत असताना दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी बाबांना खाली बोलावून घेतलं. त्यांच्या नव्या काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसत होते. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही." आठवडाभरात आणखी सहा घरांनी तेच सांगितलं. आमच्याकडे दूध यायचं बंद झालं, माझा क्लास सुटला, धाकटी बहीण मामाकडे गेली ती दहावीपर्यंत तिकडेच राहिली. बाबांनी कुणाशी वाद घातला नाही. मी मात्र मनात त्या साहेबांशी कितीतरी वर्षं भांडत होते. माझ्या बापाने काहीही केलेलं नसताना त्याच्यावर आळ घेतला, असं माझं ठाम मत होतं.

पुढे मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मुद्दाम लिहितेय, कारण माझं काम ऐकून ही शिकलेली नसणार असं लोक धरून चालतात.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आले. तो इथल्या एका बिझनेस पार्कमध्ये टेस्टिंग करतो. मी लॅबमधल्या नोकऱ्यांसाठी अर्ज केले. सगळीकडून एकाच सुरात नम्र ईमेल यायचे, की तुमचा इथला अनुभव नाही. आठ महिने ते ईमेल वाचले. मग इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या काचेवर 'माणूस हवा' अशी पाटी दिसली आणि मी आत गेले. तिथे गाड्या नुसत्या धूत नव्हते. रंगावरचे ओरखडे मशीनने काढून रंग पुन्हा सपाट करत होते. पेंट करेक्शन म्हणतात त्याला. मालक कार्डिफकडचा, दाराएवढा रुंद माणूस. त्याने मला गाड्यांच्या आतल्या सफाईवर घेतलं.

नवऱ्याला हे रुचलं नाही. तो वाईट माणूस नाही, पण मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की "ती ऑटोमोटिव्हमध्ये आहे" असं सांगायचा. एका काकूंनी खोदून विचारलं तेव्हा मीच म्हटलं, "सीटखालचे वेफर्सचे तुकडे काढते, काकू." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक मोदक वाढला. कीव आली की आपल्याकडे वाढतात.

मला कीव नको होती, मला मशीन हवं होतं. समोरच्या बेवर, म्हणजे एका गाडीच्या गाळ्यात, मालक ते चालवायचा आणि मी व्हॅक्यूमची नळी हातात धरून बघत राहायची. गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो. ओरखडा दिसतो तो त्याच थरातला. तो 'भरून' येत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर अगदी बारीक कापत ओरखड्याच्या तळापर्यंत आणायचा असतो. थर मुळातच पातळ. जास्त कापला की संपला, मग पुन्हा स्प्रे मारण्याशिवाय उपाय नाही. हे सगळं माझ्या डोक्यात पटकन बसलं. हे केमिस्ट्रीच्याच शेजारचं घर होतं.

मालकाला मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने मान हलवली. चौथ्यांदा भंगारवाल्याकडून आणलेलं एक काळं बॉनेट लाकडी घोड्यांवर टाकून दिलं आणि म्हणाला की जेवणाच्या सुट्टीत यावर काय ती झटापट कर. गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावलास आणि पहिलंच पॅनल जाळलंस, म्हणजे थर संपवलास, तर मात्र पुन्हा मशीनचं नाव काढायचं नाही.

तीन महिने मी एका हाताने सँडविच खाल्लं. मशीनला लावायचा मायक्रोफायबर पॅड म्हणजे आखूड केसांचा गोल गालिचाच. फोमच्या पॅडपेक्षा तो जास्त कापतो, कारण केस न् केस कापायचं काम करतो. पण निघालेल्या रंगाची धूळ त्याच केसांत अडकते, आणि ती तशीच ठेवली तर तोच पॅड नवे ओरखडे पाडतो. म्हणून दर हातभर जागेनंतर थांबून हवेच्या नळीने पॅड फुंकून काढायचा. कंटाळवाणं काम. मी ते एकदाही चुकवलं नाही.

त्याच बॉनेटवर एकदा मालकाने तपासणीचा दिवा धरला आणि मला कोळ्याचं जाळं दिसलं. हुबेहूब तेच. हे कशाने होतं, मी विचारलं. घाणेरडं फडकं, कोरडी धूळ, गोल गोल हात, त्याने सांगितलं. मी दिवा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या मजल्यावरचे साहेब खोटं बोलत नव्हते.

त्या रविवारी बाबांना फोनवर सांगितलं. "बाबा, ते ओरखडे आपल्याच फडक्याचे होते हो."

"मला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "दुसरं फडकं होतं कुठं?"

मग त्यांनी इकडे थंडी किती आहे ते विचारलं. माझा राग मात्र तेव्हापासून वाढलाय, कमी झालेला नाही. एका बादलीत अठ्ठावीस गाड्या पुसायला लावणाऱ्यांनी, आपल्याच घरातला झिजलेला गंजी हातात देणाऱ्यांनी, त्या माणसाच्या हाताला दोष दिला. हाताचा काय दोष?

मेमधल्या एका स्वच्छ उन्हाच्या सोमवारी वर्कशॉपमध्ये एक काळी एसयूव्ही आली. नवी कोरी, लीजवरची. उतरलेला माणूस चाळिशीचा, गळ्यात ऑफिसचा बॅज. मालक बॉनेटजवळ गेला आणि ताठ झाला. मी आतून बघत होते. त्याने आवाज खाली आणून विचारलं की पोलिसांत कळवलंय का. तो माणूस म्हणाला, नाही, तसं काही नाही. मालक म्हणाला, असल्या लोकांना सोडायचं नसतं, माझ्या ओळखीचा एक पोलीस आहे. तो माणूस लाल झाला, नुसतंच "नो, नो, प्लीज" म्हणत राहिला.

मी व्हॅक्यूम बंद करून बाहेर आले. बॉनेटच्या मधोमध वीतभर स्वस्तिक होतं. रंगाने काढलेलं नव्हे, ओरखड्यांचं. ऊन पडलं की चकाकत होतं.

मला एका क्षणात सगळं कळलं. "गाडीची पूजा केलीत ना?" मी मराठीतच विचारलं.

माणूस दचकला. "तुम्ही मराठी?"

"कुंकवाचं काढलं होतं?"

"आई आलीये पुण्याहून. तिने काढलं. शनिवारी." तो मालकाकडे पाठ करून भराभर बोलायला लागला. घरासमोरच्या ड्राइव्हवर नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, सगळं नीट झालं. रविवारी संध्याकाळी शेजारी कुत्रं फिरवता फिरवता बॉनेटसमोर थांबला आणि काही न बोलता निघून गेला. सोमवारी ही गाडी ऑफिसच्या कार पार्कमध्ये लावायची होती, तीही डायरेक्टरच्या शेजारच्या जागेत. "मग मी रात्रीच घासून काढलं."

"कशाने? हिरव्या घासणीने?"

त्याने गळ्यातला बॅज उलटा केला.

"आणि आईंची तांब्याची भांडी घासायची पावडर?"

"थोडीशीच," तो म्हणाला.

कुंकू साध्या कोमट पाण्याने आणि शॅम्पूने गेलं असतं. फार तर हळदीचा पिवळा डाग चार दिवस राहिला असता. या माणसाने आईच्या बोटामागून बोट फिरवावं तशी घासणी रेघारेघांवरून फिरवली होती आणि कुंकू काढून स्वस्तिक कायमचं कोरून ठेवलं होतं. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मालकाला इंग्रजीत सगळं समजावलं, आमच्याकडे ते शुभ चिन्ह आहे, नाझींचं नव्हे, इथपासून. त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला की खोली फार आहे, याला रिस्प्रे लागेल. मी नखाने एकेक रेघ तपासली. तीन बाजूंना नख अडकत नव्हतं. चौथीच्या टोकाला, जिथे बॉनेटला घडी आहे तिथे, अडकत होतं, म्हणजे तिथे ओरखडा खोल होता.

"मला द्या हे," मी मालकाला म्हटलं. "जिथे थांबायला हवं तिथे थांबेन."

त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. म्हणाला, "अट लक्षात आहे ना, लव्ह?" लव्ह इथे कुणालाही म्हणतात. अट लक्षात होती.

त्या गिऱ्हाइकाने मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, तुम्ही हे करणार? तुमचं शिक्षण काय?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री."

"अरे," तो म्हणाला, अगदी मनापासून हळहळून. "मग इथे कशा?"

"चालत आले," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉनेट धुतलं, मातीच्या वडीने रंगात रुतलेली घाण ओढून काढली, कडांना टेप लावला. गेजने जागोजागी रंगाची जाडी मोजून टेपवरच आकडे लिहिले. आधी तळहाताएवढी जागा फोमच्या पॅडने करून पाहिली. फरक पडला नाही. मग मायक्रोफायबर लावला. मशीन रंगावर टेकवून मगच सुरू केलं, हात हळू ठेवला. आडवे पास, उभे पास, म्हणजे मशीनच्या फेऱ्या, मग थांबायचं, पॅड फुंकायचा, पुसून दिव्याखाली बघायचं, पुन्हा मोजायचं. स्वस्तिकाची पहिली बाजू जेवणाआधी गेली. मालक दोनदा उगाचच माझ्या बेवरून गेला आणि काहीतरी शोधत असल्याचं दाखवत परतला. तीनपर्यंत तिन्ही बाजू गेल्या.

चौथीवर चार वेळा फिरवल्यावर मी गेज टेकवला आणि मशीन खाली ठेवलं. बोटाच्या दोन पेरांएवढी रेघ उरली होती. सरळ उभं राहिलं की दिसत नव्हती. खाली वाकून उन्हाकडे तोंड केलं तरच दिसायची. घडीवर थर मुळातच पातळ असतो आणि तिथला आकडा मला पुढे जाऊ नको म्हणत होता. मग फोमच्या मऊ पॅडने सगळं बॉनेट एकसारखं केलं आणि काम संपलं म्हणून सांगितलं.

गिऱ्हाईक बुधवारी दुपारी ऑफिसातून आलं. आधी चेहरा खुलला. मग वाकून, मान तिरकी करून, फोनचा टॉर्च लावून त्याने ती रेघ शोधून काढलीच.

"हे राहिलंय."

"ते ठेवलंय," मी म्हटलं.

"ठेवलंय म्हणजे? अजून दोनदा फिरवा की. पुसायचंच तर काम आहे."

 मी आवाज चढवला नाही. "हे पुसणं नाही. मी थर कापतेय, आणि तिथे तो संपत आलाय. अजून फिरवलं तर आत्ता बोटभर रेघ आहे तिथे तळहाताएवढा मेलेला डाग पडेल, आणि तो वाकून शोधावा लागणार नाही. मी फिरवणार नाही."

"हे तुम्ही ठरवणार?"

"मशीन माझ्या हातात आहे. मी ठरवणार."

"तुमच्या साहेबांना बोलवा."

मी बोलावलं. त्या दोन मिनिटांत मला तीन महिन्यांचं सँडविच आणि ते भंगारातलं बॉनेट आठवलं. मालकाने म्हटलं असतं की गिऱ्हाईक सांगतंय तर फिरव, तरी मी फिरवलं नसतं, आणि मग दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सीटखाली. हे मला स्वच्छ माहीत होतं.

मालक आला. माझे टेपवरचे आकडे वाचले. स्वतः गेज घेऊन चार ठिकाणी टेकवला, मग घडीवर पुन्हा एकदा. माझा वापरलेला पॅड उलटा करून केसांत बोट फिरवलं. सगळं इतक्या सावकाश केलं की गिऱ्हाइकाने दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी त्याला म्हणाला की ही बरोबर आहे. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मी असतो तर एक पास आधी थांबलो असतो."

ते मला लागलं. आणि ते खरंही होतं. तेव्हापासून मी एक पास आधी थांबते.

गाडी बाहेर काढताना त्या माणसाने काच खाली केली आणि मराठीत, हळूच म्हणाला, "मंडळात कुणाला बोलू नका हं, प्लीज."

"तुमचं नाही बोलणार," मी म्हटलं. "माझं बोलणार."

तो गेल्यावर मालकाने आतल्या सफाईचं काम नव्या येणाऱ्यासाठी ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या बेची किल्ली माझ्या हातात दिली. त्याला आता दोन वर्षं झाली. त्या वर्कशॉपमधलं पेंट करेक्शन मी करते. कुठल्या गाडीला मायक्रोफायबर लावायचा आणि कुठे मशीन खाली ठेवायचं, हे मी ठरवते, आणि आजवर एकही पॅनल जाळलेलं नाही.