करंडा धरणारी

जहागिऱ्या खालसा झाल्या तेव्हा आमच्याकडचे जहागीरदार हैदराबादला निघून गेले आणि अंबडच्या वाटेवरच्या बाजारगावातली त्यांची हवेली सरकारच्या गळ्यात पडली. सरकारला तिचं काय करावं ते सुचेना. गोदाम करावं तर जिने अरुंद, शाळा करावी तर जिथं तिथं आरसे. शेवटी कुणाच्या तरी डोक्यातून वस्तुसंग्रहालय निघालं. पलंग, मेणा, हुक्के, तलवारी, बाईसाहेबांची चांदीची भांडी, सगळं जिथल्या तिथं ठेवायचं आणि लोकांनी येऊन बघायचं. दाखवायला प्रभारी म्हणून मला नेमलं. मला उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येत होतं, आणि तेवढ्या पगारात दुसरं कुणी यायला तयार नव्हतं.

मी तिशीच्या आतली होते आणि विधवा होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नवरा विषमज्वरानं गेला आणि सासरच्यांनी मला जालन्याला भावाच्या घरी आणून सोडलं. भाऊ चांगला होता. वहिनीही वाईट नव्हती. पण पहाटे उठून चूल मी पेटवायची आणि घरात काही शुभकार्य निघालं की मागच्या खोलीत जाऊन बसायचं, हे कुणी न सांगताच ठरून गेलं होतं. नोकरी वर्षाच्या बोलीवर होती. औरंगाबादचे साहेब येऊन बघणार, लोक येतात की नाही. येत असले तर मी कायम. नसले तर हवेलीला कुलूप आणि मी परत त्या चुलीपाशी. मला परत जायचं नव्हतं, जीव गेला तरी.

आणि लोक येत नव्हते. म्हणजे यायचे, पण देवडीपर्यंत. देवडी म्हणजे दरवाज्यातली पहारेकऱ्यांची जागा. तिथं येऊन माणूस चपला काढून हातात घ्यायचा, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि चालू लागायचा. पिढ्यान्पिढ्यांची सवय. जहागीरदारांच्या दारावरून चपला घालून कुणी गेलं नव्हतं, मग आत शिरायचं तर लांबच राहिलं. मी ‘प्रवेश मोफत’ अशी पाटी लावली. लोक पाटीलाही नमस्कार करायला लागले.

माझ्या हाताखाली एक शिपाई होता, धनगराचा. घरची मेंढरं भावांच्या हवाली करून सरकारी नोकरीत आलेला. तो म्हणायचा, “बाई, लोकं भ्याले न्हाईत. लाजून राह्यले. आत जाऊन बसायचं कुठं, हेच त्यांना ठावं न्हाई.”

मी शाळेत जाऊन हेडमास्तरांना भेटले. त्यांनी आनंदानं मुलं आणली, देवडीसमोर रांगेत उभी केली, प्रार्थना म्हणून घेतली आणि परत नेली. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जाऊन आडत्यांना सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि जहागीरदार परत कधी येणार ते विचारलं. पोळ्याला गावातले बैल सलामीला देवडीपाशी आले. त्यातला एक शिंगं हलवत सरळ आत चौकात गेला, हौदाचं पाणी प्याला आणि बाहेर आला. पहिला पाहुणा म्हणून अभिप्रायाच्या वहीत त्याचं नाव घालावं असं माझ्या मनात आलं होतं. दसऱ्याला उंबऱ्यावर आपट्याच्या पानांचा ढीग पडला. दिवाळीत मी सगळ्या कोनाड्यांत पणत्या लावल्या आणि अख्खं गाव रस्त्यावर उभं राहून त्या बघून गेलं. मी चौकात एकटी उभी होते. त्या वेळी मला रडू आलं, ते पणत्यांच्या तेलाच्या खर्चापायी आलं असं मी शिपायाला सांगितलं.

मार्गशीर्षात औरंगाबादहून निरोप आला की साहेब संक्रांतीच्या सुमाराला येतील आणि त्या वेळी स्त्रियांसाठी एखादा कार्यक्रम ठेवावा. स्त्रियांसाठी, संक्रांतीला. म्हणजे हळदीकुंकू. दुसरं सुचणार काय? आणि ते मी करायचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

विधवेनं हळदीकुंकवाचं बोलावणं करायचं नाही, कुंकू लावायचं नाही, खरं तर समोरही यायचं नाही. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी ठरवलं की बोलावणं शिपायाची बायको करील, कुंकूही तीच लावील, साध्या पितळी कोयरीतनं, आणि मी मागं उभं राहून भिंतीवरच्या तसबिरींची माहिती सांगीन. शिपायाची बायको मोठी हुशार. घरोघर गेली आणि आली ती हसत.

“समद्या येतो म्हणल्या,” ती म्हणाली. “मी सांगितलं, बाईसाहेबांच्या करंड्यातलं कुंकू मिळंल.”

मी कमरेची किल्ली चाचपली. बाईसाहेबांचा चांदीचा करंडा काचेच्या कपाटात होता. त्यातलं कुंकू जुन्या काळी फक्त मानाच्या घरच्या बायकांना मिळायचं, दिवाणखान्यात बसवून. बाकीच्या गावाला मागच्या दारी, दासीच्या हातून, साध्या वाटीतलं. त्यामुळं त्या करंड्याची ओढ गावातल्या प्रत्येक बाईला होती, आणि शिपायाच्या बायकोनं उचलली जीभ लावली टाळ्याला. तिचं काही चुकलं असं तिला वाटलं नाही. कपाटात वस्तू आहे, सण आहे, काढायची. वस्तू आणखी कशासाठी असते?

पण सरकारी नियम असा होता की संग्रहातल्या वस्तूला प्रभारीखेरीज कुणी हात लावायचा नाही. ताबा घेताना मी तशी सही केली होती. साहेबांचा त्या नियमावर फार जीव. म्हणजे करंडा काढायचा तर माझ्या हातानं, आणि माझ्या हातचं कुंकू तर कोणी सवाष्ण घेणार नाही. नाही काढला तर बायका देवडीतून परत फिरणार, तेही साहेबांच्या देखत.

तो दिवस उजाडला. दुपार कलल्यावर बायका आल्या. देवडीत थबकल्या, चपला काढल्या, एकमेकींकडे बघितलं. मग सगळ्यांत पुढं होत्या त्या मोंढ्यातल्या काकू आत शिरल्या आणि त्यांच्या मागून बाकीच्या. काकू एका मोठ्या आडत्याची बायको, अंगानं भरलेल्या, कपाळभर कुंकू, गावातल्या निम्म्या भांडणांचा निकाल त्यांच्या ओसरीवर लागायचा. पण पैसा कितीही असला तरी व्यापारी घर ते. बाईसाहेबांच्या वेळी त्यांनाही मागचंच दार होतं. सतरंजीवर बसता बसता त्यांनी दिवाणखान्याच्या छताकडं असं बघितलं की मला सगळं कळलं.

साहेब कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. काकू म्हणाल्या, “करंडा कुठंय?”

“कपाटात आहे,” मी म्हटलं.

“मंग काढा की. अन् द्या हिच्या हाती.” त्यांनी शिपायाच्या बायकोकडं बोट केलं.

“काढते. पण दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. नियम आहे.”

काकूंनी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, “नियम बराबर आहे.” ते बोलून गेल्यावर त्यांचं लक्ष माझ्या मोकळ्या कपाळाकडं गेलं. मग ते खिशात रुमाल शोधायला लागले.

बायकांनी पदर सावरले. मला वाटलं, आता उठतील. भावाच्या घरची चूल, तिच्यावरचा काळा तवा, मला अगदी समोर दिसला. काकू मात्र उठल्या नाहीत. त्या विचार करत होत्या. इतकी वर्षं ज्या करंड्यासाठी मागच्या दारी उभं राहावं लागलं, तो दोन हातांवर होता, आणि मधे मी होते.

“असं करू,” काकू म्हणाल्या. “करंडा यांनी निस्ता धरायचा. बोट आपलं आपण बुडवायचं अन् एकमेकीला लावायचं. धरणारीचं काय हाय? पाटावर ठिवला असता, तर पाटाचा इटाळ धरला असता का आपण?”

सगळ्यांना ते बिलकुल पटलं. मी पाट झाले. राग आला, खोटं कशाला सांगू. पण मी किल्ली फिरवली, करंडा काढला, दोन्ही हातांत धरला आणि बायकांच्या रांगेसमोरून सरकत गेले. एकेक बोट यायचं, बुडायचं, जायचं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मीही त्यांच्याकडं बघत नव्हते, करंड्याच्या काठावरची वेलबुट्टी बघत होते. मग शिपायाच्या बायकोनं तिळगूळ दिला, वाण म्हणून बोरं नि हरभऱ्याचे घाटे ओटीत घातले, आणि बायका उठल्या. उठल्या आणि घराबाहेर पडायच्या ऐवजी घरभर पसरल्या. पलंगाचे पाय मोजले, मेण्यात डोकावल्या, मोठ्या आरशात आपलं कुंकू बघितलं. मला प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. ते सहा-सात महिने जे व्हावं म्हणून मी मरत होते ते त्या दुपारी झालं.

साहेब खूश झाले. बायका अजून तिथंच होत्या, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बाई, कार्यक्रम उमदा झाला. दरसाल व्हायला पाहिजे.” मग जरा आवाज खाली आणून, “त्यामुळंच म्हणतो, या जागेवर एखादी सवाष्ण बाई असली तर सगळ्यांच्याच सोयीचं पडेल. तुम्हाला बघू दुसरीकडं कुठं.”

माणूस दुष्ट नव्हता. त्याला ते खरंच सोयीचं वाटलं होतं. मी “बरं” म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काकू जवळच मेण्यापाशी होत्या, त्यांनी ते ऐकलं. तिथनं त्या सावकाश आल्या.

“का हो साहेब,” त्या म्हणाल्या, “यांच्या हातात करंडा होता ते अशुभ झालं म्हणता का तुम्ही?”

“तसं नव्हे,” साहेब म्हणाले.

“मंग काढता कशाला? आम्ही समद्यांनी आज यांनी धरलेल्या करंड्यातलं कुंकू लावलं. उद्या तुम्ही यांना काढलं, की गाव म्हणंल, सरकारनं बी मानलं, की ते कुंकू खोटं होतं. आमच्या मालकांचं काय मंग? माझा म्हातारा आधीच दम्यानं बेजार हाय.”

बाकीच्या बायका जवळ आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आता खरी काळजी होती. एकीनं कपाळावरचं कुंकू पदरानं झाकलं. साहेबांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाले की सध्या आहे तसंच चालू द्या. अशी मी कायम झाले. कुणी माझी बाजू घेतली असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांनी आपापल्या नवऱ्यांची बाजू घेतली होती. चालेल, म्हटलं. पोटाला भाकरी कुणाच्याही नावानं आली तरी गोडच लागते.

त्यानंतर लोक येऊ लागले. बायकांनी नवऱ्यांना आणलं, नवऱ्यांनी बाजाराला आलेल्या पाहुण्यांना. भोकरदनकडून बैलगाड्या यायच्या. देवडीत चपला काढायची सवय मात्र गेली नाही.

काकूंचे यजमान त्याच वर्षी श्रावणात गेले. दम्यानंच गेले. पण गावात कुजबुज झालीच, करंड्याची. माझ्या कानावर आली. पुढची संक्रांत जवळ आली. शिपायाची बायको बोलावणं करून आली, आणि या वेळी हसत नव्हती.

“येऊ म्हणतात,” ती म्हणाली, “पण काकू काय करतात ते बघून.”

“काकूंना बोलावणं केलं का?”

“त्यांना कसं करू बाई?”

तिचं खरंच होतं. त्या घरी आता हळदीकुंकवाचं बोलावणं जात नव्हतं. सवाष्णीनं करायचं नव्हतं, ते मला करता येत होतं. मी चप्पल घातली आणि मोंढ्यात गेले. काकू मागच्या खोलीत बसल्या होत्या. कपाळ पुसलेलं. ती खोली मला पाठ होती, जालन्याला मीही तसल्याच खोलीत बसायची.

“कशाला आलात?” त्या म्हणाल्या.

“बोलवायला. यंदा गर्दी होणार. करंडा मी धरीन, बाईसाहेबांची गुलाबदाणी धरायला कुणीतरी पाहिजे.”

“तुमचा नियम हाय न्हवं, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई म्हणून?”

“साहेबांना विचारून घेतलंय. मदतीला एक माणूस चालतं.”

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, “लोकं म्हणून राह्यले, तुमच्या करंड्यानं गेला म्हातारा.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“म्हाताऱ्याला मी बघितलंय. रात-रात बसून काढायचा. करंड्याचा काय संबंध?” त्यांनी पदर सारखा केला. “पाट व्हायला बोलवता व्हय मला?”

“हो,” मी म्हटलं. “एक मी आहेच. दोन लागतात.”

त्या आल्या. पुढच्या दारानं आल्या. दिवाणखाना भरला होता आणि सगळ्या जणी आमच्याकडं बघत होत्या, माझ्या हातात करंडा आणि काकूंच्या हातात गुलाबदाणी. रांगेतली पहिली बाई तरुण होती, नुकतीच लग्न होऊन बदनापूरहून आलेली. तिनं करंड्यात बोट बुडवलं. मग गुलाबपाण्यासाठी हात पुढं करायची वेळ आली आणि ती थांबली. मागच्यांच्या माना पुढं झाल्या. काकूंनी गुलाबदाणी आणखी पुढं धरली.

“घे गं,” काकू तिला म्हणाल्या. “धरणारीचं काय नसतं. हे मीच ठरवल्तं गेल्या वर्षी. तेव्हा मला काय ठावं होतं.”

मुलीनं हात पुढं केला.