चौथ्या दिवसाचा धंदा

आमच्या ह्यांचा धंदा दुसऱ्याच्या कंटाळ्यावर चालतो. लोक नवा व्हिडिओ गेम घेतात, तीन दिवस डोळे फोडून संपवतात आणि चौथ्या दिवशी ह्यांच्याकडे विकायला आणतात. हे डिस्क दिव्याखाली तिरकी धरतात, नसलेल्या ओरखड्यावर अंगठा फिरवतात, सुस्कारा टाकतात. "बाजार पडलाय हो!" पाव किमतीत घेतलेली तीच डिस्क तासाभरात पाऊण किमतीला काचेआड लागते. नवा गेम ह्यांनी स्वतः जन्मात घेतला नाही. नवं घेतो तो मूर्ख, म्हणे. मी ह्याला लुबाडणूक म्हणते. त्याच पैशांवर वीस वर्षं संसार केला, तेही खरं.

शेजारचा औषधवाला दोन वर्षं दुकानाचा गाळा विकत मागत होता, तोही चांगल्या भावाने. गाळा माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलेला, पण मी त्याला म्हणायची, "ह्यांना विचारा." घरी ह्यांच्या कानीकपाळी ओरडायची, "अहो, गेम आता इंटरनेटवरून थेट यंत्रात उतरतात. डिस्कच नसेल तर लोक विकतील काय?"

"हाताला लागत नाही ती वस्तू कोण घेईल? तुला धंद्यातलं काय कळतं?"

शहाण्याला शब्दांचा मार. ह्यांना तो कधी लागलाच नाही.

यंदाचा मोठा गेम दुकानांत आला तो चकचकीत खोक्यांतून. लांबून खोकी पाहूनच ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. "पुन्हा पायरी चढू नका," असं औषधवाल्याला सुनावून आले. त्याने मुकाट्याने समोरची जागा घेतली.

चौथ्या दिवशी हे रोकड भरून बसले. पहिली आली एक शिक्षिका. ह्यांनी ऐटीत तिचं खोकं उघडलं. आत डिस्क नव्हती, आकडे छापलेली चिठ्ठी होती. ते आकडे एकदा यंत्रात घालून गेम उतरवला की संपले, दुसऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. नवं खोकं एकदा तरी उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं! दुपारपर्यंत आणखी अकरा जण तशीच खोकी घेऊन आले. हे प्रत्येक खोकं उलटं करून झटकत होते. मला हसू आलं, आणि मग रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी अभिमान गिळून मीच औषधवाल्याकडे गेले. "भाऊ, गाळा घ्या. पडेल त्या भावाने."

"आता जागा घेऊन बसलो, वहिनी," तो म्हणाला. "पण एक सांगा. कागदावर नाव तुमचं, सही तुमची. मग दोन वर्षं मला त्यांच्याकडे कशाला पाठवत होता?"