प्रेस बाहेरून सुरू झाली

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नाची पंगत उठली की पोरं मला घेरतात आणि मी विरजणाएवढी गोष्ट पातेलंभर करून वाढतो. बायको मधूनच म्हणते, "मागच्या खेपेले तर एकच साप होता!" तरी मी थांबत नाही. ही गोष्ट मात्र मी पंगतीत कधी सांगितली नाही. ज्याची ती आहे तो समोर बसलेला असतो आणि त्याला गोष्ट फुगवलेली चालत नाही. तो म्हणजे माझ्या बायकोचा मोठा भाऊ.

केळापूरकडच्या एका जिनिंगमध्ये आम्ही दोघं कामाला होतो. तो प्रेसवर फिटर, मी इलेक्ट्रिशियन. मला तिथं त्यानंच चिकटवलं होतं आणि हे तो रोज, न चुकता, चारचौघांत सांगे. "आमच्या जवाईले विजेचं लय ग्यान आहे. फक्त ताराइले माहीत नाही."

जिनिंगमध्ये रेचा नावाच्या यंत्रावर सरकी आणि रुई वेगळी होते. रुई मग प्रेसच्या पेटीत पडते. वरून एक लोखंडी दाबा येऊन ती दाबतो आणि तिची गाठ बांधली जाते. ओला कापूस आला की पेटी तुंबते आणि फिटरला आत हात घालून बोळे काढावे लागतात. त्यासाठी आमच्याकडे एक रीत होती. आत जाणारा माणूस आपला दुपट्टा पॅनलच्या दांड्यावर टाकून जाई. दुपट्टा दिसला की मालकाच्या बापानंही बटणाला हात लावायचा नाही. ही रीत कोणी शिकवली नव्हती. नवा हमालसुद्धा दोन दिवसांत आपोआप शिकायचा. मेव्हण्याचा दुपट्टा हिरव्या काठाचा होता आणि तो इतका कळकट असे, की मशीनच त्याच्या वासानं बंद पडते असं मी म्हणे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बोंडात अळी, अर्ध्या गाड्या तेलंगणाकडे पळालेल्या. ज्या अंगणात पूर्वी कापसाच्या गंज्यांनी ऊन अडायचं तिथं कुत्री पाय पसरून झोपत. मालकानं एकेक खर्च कापायला सुरुवात केली. सगळ्यात आधी प्रेस बनवणाऱ्या कंपनीचा जो इंजिनिअर हंगामभर आमच्याकडे मुक्कामाला असे, तो कापला गेला. त्याच्या जागी एक डबी आली.

डबी टिफिनच्या झाकणाएवढी. आत सिमकार्ड, बाहेर अँटेना. पॅनलला जोडली की पुण्यातला इंजिनिअर मोबाइलच्या नेटवर्कवरून आमची प्रेस पाहू शकायचा, बिघाड शोधू शकायचा, चालू-बंदही करू शकायचा. अडचण एवढीच, की पत्र्याच्या शेडखाली रेंज नव्हती. अँटेना छपरावर न्यायची ठरली आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं. माझ्या पोटाचा घेर तेव्हाही आजच्याइतकाच होता. पत्रा करकरला. खालून मेव्हणा ओरडला, "जवाई, खाली पडसान तर गाठीवर पडा! सरकीवर पडसान तर तेल निघीन!" सगळ्या रेजा, म्हणजे कामावरच्या बाया, फिदीफिदी हसल्या. संध्याकाळी ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. बायको म्हणाली, "घरात फोन लावाले मले मोरीत जाऊन उभं राहा लागते, अन् कापसाले रेंज आणून देऊन राह्यले."

कंपनीचा माणूस डबी बसवायला आला तेव्हा मालकानं एकच प्रश्न दहा प्रकारे विचारला. "आपल्या गाठी किती निघून राह्यल्या, हे दुसऱ्या जिनिंगवाल्याले समजन काय?" त्याची झोप त्या एका गोष्टीनं उडाली होती. माणसानं त्याला समजावलं, की डबीपासून पुण्यापर्यंत आमचा खाजगी, बंद रस्ता आहे. पासवर्डशिवाय कोणी शिरत नाही, आणि शिरायचं झालंच तर दर वेळी एक नवा आकडा एका ठरावीक फोनवर येतो. तो आकडा सांगितल्याशिवाय पुण्याचा साहेबसुद्धा आत येऊ शकत नाही. पॅनलवर एक चावी होती. ती फिरवली की बाहेरचा रस्ताच बंद. पण इथल्या कोणी छेडछाड करू नये म्हणून ती चावी मालकाच्या टेबलाच्या खणात गेली. मालक खूष झाला. चोराला काही वाव राहिला नाही, हे खरंच होतं.

सुरुवातीला तो आकडा माझ्या फोनवर येई. मी काय मिरवलो म्हणता! पुण्याहून फोन आला की मी खुर्चीवरून उठून, शर्ट ओढून, प्रेसपाशी जाई. आत कोणी आहे का पाही आणि मग आकडा सांगे. एकदा आत मेव्हणा होता म्हणून मी पुण्याला थांबवून ठेवलं आणि बाहेर ट्रक खोळंबला. मालकानं मला केबिनमध्ये बोलावलं.

"एक आकडा सांगाले इतका टाइम?"

"मालक, दुपट्टा होता दांड्यावर."

"मी मशीन इंटरनेटवर घेतली अन् तू मले दुपट्टा सांगून राह्यला?"

"पुण्याहून दुपट्टा दिसत नाही ना, मालक."

"तुलेच एकट्याले दिसते सगळं." त्यानं दुसऱ्या दिवसापासून आकडा स्वतःच्या फोनवर घेतला. मालक राहायचा यवतमाळात.

मी घरी येऊन जेवताना कुरकुर केली. मेव्हणा त्या दिवशी आमच्याकडेच होता. तो म्हणाला, "बरं झालं. तुमी आकडा असा सांगत होते जसा पोराचा निकाल सांगून राह्यले." मलाही हसू आलं.

मग हंगामाच्या शेवटी-शेवटी अवकाळी पाऊस झाला आणि भिजलेला कापूस आला. दुपारी पेटी तुंबली. मेव्हण्यानं प्रेस थांबवली, दुपट्टा टाकला आणि हात आत घातला. मी रेच्यांच्या शेडमध्ये एका मोटारीपाशी वाकलेलो. तिकडे यवतमाळात मालकाच्या मोबाइलवर आलं, प्रेस बंद आहे. त्याला वाटलं, आम्ही चहा पीत बसलो. त्यानं पुण्याला फोन केला. पुण्याच्या पोरानं रस्ता उघडला, आकडा मागितला, मालकानं सांगितला. सगळं रीतसर झालं. दाबा खाली आला.

ओरडणं मला रेच्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. रेजा धावत आल्या म्हणून कळलं. डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी राहिली. मधलं गेलं.

तो यवतमाळच्या दवाखान्यात असतानाच कंपनीची माणसं चौकशीला आली. त्यांनी डबीतली नोंद काढली आणि निष्कर्ष सांगितला: यंत्रणा पूर्ण सुरक्षित होती, कोणीही परका आत शिरलेला नाही, आदेश अधिकृत होता. फिटरनं चावी न फिरवता हात घातला, ही त्याची चूक. मी म्हटलं, चावी मालकाच्या खणात असते. त्यांनी मला पॅनलपाशी नेलं. चावी पॅनलला होती, साखळीसकट. मालक खिडकीबाहेर पाहत होता. मी दुपट्ट्याचं सांगितलं, तर त्यांच्यातला एक जण समजूतदारपणे म्हणाला, "काका, कापड म्हणजे सुरक्षा साधन नाही ना."

मालक वाईट वागला असं गावात कोणी म्हणणार नाही. दवाखान्याचं त्यानं पाहिलं आणि मेव्हण्याला गेटवर बसायचं काम देऊ केलं. मेव्हण्यानं नाही म्हटलं. त्याला गेट नको होतं. प्रेस बाहेरून सुरू झाली, एवढं एक वाक्य त्या रिपोर्टात हवं होतं. कारण वणीपासून महागावपर्यंत तो जिथं जिथं काम मागायला गेला, तिथं त्याच्याआधी रिपोर्ट पोचलेला असे. "दोन बोटाइनं पाना धरता येते," तो मला म्हणे. "पण याले मशीन समजत नाही, हे एकदा लिहिल्यावर कोण उभं करते?"

आठ-दहा महिन्यांनी एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला होता. माझा फोन वाजला. पुण्याचा तोच पोरगा. नोकरी तीच, पण या वेळी फोन कंपनीचा नव्हता, स्वतःचा होता. आवाज खाली घेतलेला.

"सर, त्या काकांचा हात कसा आहे?"

मी फोन स्पीकरवर टाकून ताटापाशी ठेवला. मेव्हणा म्हणाला, "बोला साहेब, मीच आहो."

पोरगा म्हणाला, "काका, मला स्क्रीनवर फक्त 'बंद' दिसलं होतं. आत कोणी आहे का, ते मालकांना विचारलं. ते म्हणाले, कोणी नाही."

बायकोचा वाढता हात थांबला. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मेव्हणा ताटावर वाकला. "हेच लिहून द्या ना बावा. दोन ओळीत. दुसरं काही मागत नाही मी."

"काका, मला लिहून देता येणार नाही. घरी आई-वडील आहेत."

"मले बी पोरी आहेत."

"हो काका."

"मंग फोन कायले केला?"

त्यावर पोरगा रडायला लागला. आम्ही तिघं ते ऐकत बसलो. मला राग यायला हवा होता, पण ते रडणं कोणाच्याही घरातल्या पोराचं वाटावं असं होतं, म्हणून रागही धड येईना. शेवटी मेव्हण्यानंच अंगठ्यानं फोन बंद केला आणि माझ्याकडे सरकवला.

"पोरगं चांगलं आहे," तो म्हणाला. "काही कामाचं नाही."

मग त्यानं बहिणीकडे भात मागितला.