वर्गाने एका सुरात म्हटलेलं वाक्य

आमच्या इंग्रजीच्या क्लासात एक रीत आहे. एकाने उभं राहून वाक्य करायचं आणि बाकीच्यांनी ते मोठ्याने म्हणायचं. त्याने भीड चेपते. काल मी ‘टेक’ शिकवत होते. आपण गोळी घेतो, फोटो काढतो, बस पकडतो, पाहुण्याला घरी नेतो. इंग्रजीत या सगळ्याला हा एकच शब्द पुरतो. वाक्यं मात्र स्वतःच्या घरातली, खरी हवीत, असा माझा हट्ट असतो.

नर्सिंगला जाणारी वैशाली उठली. ‘वी टूक माय फादर होम. द डॉक्टर सेड, नो मोर ट्रीटमेंट.’

सवयीने सगळा वर्ग ओरडला. शेवटच्या शब्दांवर आल्यावर कुठे आवाज खाली आले.

‘बरोबर आहे ना, मॅडम?’

‘बरोबर आहे,’ मी म्हटलं. चूक काढायला जागाच नव्हती. खरं बोला, असं आपण मुलांना सांगतो तेव्हा आपल्या डोक्यात बस आणि फोटोच असतात. त्यापलीकडचं खरं कुणी बोललं, तर काय करायचं हे आपण ठरवलेलं नसतं.

बाकीच्यांना लिहायला लावून मी तिच्या बाकापाशी गेले.

‘कधी आणलं त्यांना?’

‘आज सकाळी.’

‘मग इथे काय करतेस? घरी जा बघू.’

‘नको, मॅडम,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘त्यांना वाटतंय, बरे झाले म्हणून सोडलं. मी क्लास बुडवला तर त्यांना कळेल.’